कवटी कुणी उघडायची?

मेलेल्या माणसाची कवटी उघडायला आमचा हात चालतो. जिवंत माणसाची कवटी उघडायला चालत नाही. मेंदूच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण या देशात कुणाला मिळतं आणि कुणाला मिळत नाही, त्याची सगळी कुळकथा या दोन वाक्यांत आहे. पुढं लिहितोय तो फक्त पंचनामा.

दोस्तांनो, तालुक्याच्या कुठल्याही सरकारी दवाखान्याच्या मागच्या अंगाला जा. तिथं एक खोली असते. तिला पी.एम. रूम म्हणतात. आत एक ओटा, एक नळ, वर एक बल्ब. नियम सांगतो, प्रेताची चिरफाड डॉक्टरनं करायची. घडतं काय? बहुतेक ठिकाणी डॉक्टर दारात उभा. नाकाला रुमाल. आणि आत प्रेताला हात घालतो तो दवाखान्याचा सफाई कामगार. म्हणजे मेहतर, महार, मांग. नेमणुकीच्या कागदावर हे काम लिहिलेलं नसतं. ते त्याच्या जातीवर लिहिलेलं असतं, आणि जात वाचायला या देशात कुणाला चष्मा लागत नाही.

माझा बाप नगर जिल्ह्यातल्या अशाच एका दवाखान्यात झाडूवाला होता. दवाखान्याचं नाव सांगत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात. बापानं नोकरीत किती कवट्या उघडल्या याचा हिशेब सरकारदरबारी नाही, कारण कागदावर त्या सगळ्या डॉक्टरसाहेबांनी उघडल्यात. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत डोक्याची कातडी चिरायची. ती पुढं तोंडावर ओढायची. करवत फिरवायची. राहिलेलं छिन्नी-हातोडीनं सोडवायचं. हाडाची वाटी उचलायची. वास मारू नये म्हणून आधी पावशेर दारू मारायची. मग घरी येऊन मोरीत अर्धा तास अंग घासायचं आणि तरी आईनं ताट लांबून सरकवायचं. ही बापाची सर्जरी. पगार झाडूचा.

रस्त्यावर मेलेल्यांची डोकी उघडून उघडून बापाला एक गोष्ट कळली होती. तो म्हणायचा, "आरं, काही मानसांच्या हाडाच्या आन् मेंदूच्या मधी जांभळागत काळा गोळा आसतोय. मेंदू खाली साबूत. येवढा गोळा कुनी येळंवर काढला आसता तर ह्यो मानूस आज घरी भाकर खात बसला आसता."

बाप चौथी नापास. पण तो जे सांगत होता त्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे. एक्स्ट्राड्युरल हिमॅटोमा. कानशिलाचं हाड पातळ असतं. त्याच्या आतल्या अंगानं एक रक्तवाहिनी जाते. डोकं आपटलं, हाड तडकलं, की ती गळायला लागते. पडलेला माणूस कधी कधी उठून बसतो, बोलतो, चहासुद्धा पितो. घरचे म्हणतात, देव पावला, काही झालं नाही. आत रक्त साकळत असतं. दोन-चार तासांनी त्याला गुंगी येते, उलटी होते, एका डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि माणूस जातो. कवटी म्हणजे बंद डबा. आत रक्ताला जागा करून द्यायला मेंदूला कुठं सरकता येत नाही.

त्यावर उपाय आहे. कवटीला भोक पाडायचं, हाडाचा तुकडा उचलायचा, गोळा काढायचा, गळणारी वाहिनी बंद करायची. पायऱ्या बघा. कातडी चिरायची, हाड कापायचं, वाटी उचलायची. बापाच्याच पायऱ्या. फरक एवढाच की बापाच्या ओट्यावरचा माणूस उठत नाही आणि टेबलावरचा माणूस उठून घरी जातो. शास्त्र दोन्हीकडं एकच आहे. एकाला विटाळ म्हणतात आणि दुसऱ्याला न्यूरोसर्जरी.

आता वेळेचा हिशेब घ्या. १९८१ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी डोक्यात रक्त साकळलेल्या ८२ बेशुद्ध रुग्णांचा अभ्यास छापला. हे रक्त मेंदूच्या आवरणाच्या खालचं, म्हणजे बापानं सांगितलेल्या गोळ्यापेक्षा जास्त वाईट. इजा झाल्यापासून ४ तासांच्या आत ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांतले ३० टक्के मेले. ४ तासांनंतर ज्यांचं झालं त्यांतले ९० टक्के मेले. म्हणजे मरण डोक्यात नसतं, घड्याळात असतं. आणि घड्याळ कुणाच्या हातात आहे?

नगर जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. २०२४ पासून सरकारी कागदावर अहिल्यानगर. क्षेत्रफळ १७ हजार चौरस किलोमीटरच्या वर, महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा. १४ तालुके. २०११च्या जनगणनेत माणसं ४५ लाख. अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत. एवढ्या जिल्ह्यात स्वातंत्र्यापासून २०२५ पर्यंत सरकारी मेडिकल कॉलेज मंजूरसुद्धा झालं नाही. सरकारी कॉलेज नाही म्हणून सरकारी न्यूरोसर्जरीचा विभाग नाही. विभाग नाही म्हणून तिथं शिकणारा पोरगा नाही. शिकणारा नाही म्हणून रात्री अडीच वाजता उठून कवटी उघडणारा सरकारी हात नाही. मग काय? रुग्णवाहिकेत घाला आणि पुण्याला ससूनला पाठवा, नाहीतर संभाजीनगरला घाटीत. नगर शहरापासून दोन्हीकडं सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. जामखेडच्या माणसाला आधी नगरला यायचं तर पाऊणशे किलोमीटर वेगळे. चार तास इथंच संपले. पुढचं काम बापाचं.

रस्त्यावर कोण मरतो हेही सांगतो. महाराष्ट्रात रस्त्यावरच्या अपघातांत वर्षाला १५ हजारांच्या आसपास माणसं मरतात. मोटारीत एअरबॅग फुगते. फुगत नाही ती पायी चालणाऱ्यापुढं, सायकलवाल्यापुढं, टेम्पोच्या हौद्यात उभं राहून कामाला जाणाऱ्या बाईपुढं. पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर संसार, संसारावर पोरं. मागं दिवा नाही. उसाच्या फडातून रात्री गाड्या भरायच्या आणि मोळीवर झोपायचं. ज्याचं डोकं रस्त्यावर आपटतं त्याची जात आणि वर्ग विचारायची गरज पडत नाही.

बरं, यंत्रं नव्हती म्हणावं तर तसंही नाही. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात पहिल्यांदा जिवंत रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन निघाला. १९७४ साली ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी बेशुद्धी मोजायची पट्टी दिली. डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का. तीन प्रश्न, ३ ते १५ गुण. ही पट्टी दहावी झालेल्या पोराला अर्ध्या दिवसात शिकवता येते. आपल्या देशातही १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चँडी यांनी न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग उघडला. पाठोपाठ मद्रासला डॉ. राममूर्ती. मुंबईत केईएम, जे.जे., सायन या सरकारी-पालिकेच्या दवाखान्यांत मेंदूच्या सर्जरीचं शिक्षण कित्येक वर्षं चालू आहे. शास्त्र येऊन पाऊणशे वर्षं झाली. ते मुंबई-पुण्याच्या वेशीवर थांबलं. एसटी पोचली, दारूचं दुकान पोचलं, मेंदूचा डॉक्टर पोचला नाही.

नगर जिल्हा शिक्षणाला नालायक आहे म्हणून असं झालं का? या नगरला भारतीय लष्कराचं आर्मर्ड कोअर सेंटर आहे. रणगाडा कसा चालवायचा ते इथं शिकवतात. राहुरीला १९६८ पासून महात्मा फुल्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ आहे. उसाला पाणी किती, खत किती, ते तिथं शिकवतात. रणगाड्याचं शिक्षण आहे, उसाचं शिक्षण आहे. फक्त ऊस तोडणाऱ्याच्या डोक्याचं शिक्षण सरकारला सुचलं नाही.

साखरेचा विषय निघालाच आहे तर तोही होऊन जाऊ दे. प्रवरेचा सहकारी कारखाना १९५०च्या अखेरीस सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांचं ते काम. देशातल्या सहकारी साखरेचा तो पाया. मग १९८३च्या सुमाराला वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदान कॉलेजांना दार उघडलं. साखरेच्या पाठोपाठ शिक्षण आलं. लोणीला १९८४ साली रुरल मेडिकल कॉलेज निघालं. २००३ साली ती संस्था अभिमत विद्यापीठ झाली. नगरजवळ विळद घाटातही विखे पाटलांच्याच नावाचं मेडिकल कॉलेज उभं राहिलं. खेड्यात मोठा दवाखाना झाला, गोरगरिबाला औषधपाणी मिळालं, हे मी नाकारत नाही. दवाखाना हा दवाखाना असतो. माझा सवाल रुग्णाच्या खाटेचा नाही, विद्यार्थ्याच्या बाकाचा आहे. त्या बाकावर कोण बसतो?

देशभरातल्या अभिमत विद्यापीठांचा नियम ऐका. तिथल्या एमबीबीएसच्या जागांवर अनुसूचित जातीचं, जमातीचं आरक्षण लागू होत नाही. २००५ सालच्या ९३व्या घटनादुरुस्तीनं खाजगी संस्थांत आरक्षण ठेवायचा अधिकार सरकारला दिला. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं ती दुरुस्ती मान्य केली. तरी अभिमत विद्यापीठं मोकळीच. फी वर्षाला वीस लाखांच्या वर. माझ्या बापाचा उभ्या जन्माचा पगार एका वर्षात. म्हणजे बघा गंमत. ऊस आमच्या बाया तोडणार, साखर कारखान्यात जाणार, कारखान्याच्या जोरावर नेते उभे राहणार, नेते कॉलेजं काढणार, आणि कॉलेजच्या फाटकावर आमच्या पोराला वॉचमन विचारणार, कोण पाहिजे?

तरी आमची पोरं थांबली नाहीत. सरकारी कॉलेजात १३ टक्क्यांच्या दारातून शिरली. साडेपाच वर्षं एमबीबीएस. तीन वर्षं एमएस. तिथून पुढं तीन वर्षं एमसीएच, मग माणूस न्यूरोसर्जन होतो. साडेअकरा वर्षांची शिडी. आणि या शिडीच्या शेवटच्या पायरीवर पाटी लावलेली आहे. आरक्षण येथे संपले.

ही पाटी कुणी लावली? १९९२च्या मंडल निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की काही जागा अशा आहेत जिथं आरक्षण ठेवणं बरं नाही. त्या यादीत वैद्यकीय सुपर-स्पेशालिटी होती. १० ऑगस्ट १९९९ ला प्रीती श्रीवास्तव खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठानं त्यावर कुलूप घातलं. सुपर-स्पेशालिटीच्या प्रवेशात खास सवलत चालणार नाही, कारण ती राष्ट्रहिताच्या विरुद्ध आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये पुन्हा तेच, स्वातंत्र्याला ६८ वर्षं झाली तरी सवलती तशाच राहिल्या म्हणून खंत.

राष्ट्रहित! मित्रहो, हा शब्द नीट उलटून बघा. प्रेत उचलायला, गटारात उतरायला, पी.एम. रूममध्ये कवटी फोडायला आम्ही पिढ्यान् पिढ्या शंभर टक्के आरक्षण भोगतोय. त्या आरक्षणाविरुद्ध कुणी रिट याचिका केली का? तिथं कुणाला गुणवत्ता आठवली का? मेलेल्या डोक्याशी राष्ट्रहिताचं काही भांडण नाही. जिवंत डोक्याजवळ आमचा हात आला की राष्ट्र धोक्यात येतं.

आणि ही म्हणे गुणवत्ता. तिचा भाव सांगतो. २०२३ साली पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा कटऑफ सरकारनं शून्य पर्सेंटाइलवर आणला. परीक्षेला बसलेला प्रत्येक जण पात्र. का? जागा रिकाम्या राहिल्या म्हणून. त्या जागांसाठी गुणवत्ता शून्यावर आली तरी राष्ट्राला ताप आला नाही. आमच्या पोराला दोन मार्क कमी पडले की राष्ट्राला आकडी येते. पैशानं भरलेली जागा ही गुणवत्ता, घटनेनं दिलेली जागा ही भीक. हे गणित शिकवणाऱ्या मास्तराचं नाव मनू.

यावर सभ्य माणसांचा एक ठरलेला सवाल असतो. कॅन्टीनमध्ये, लोकलमध्ये, हापिसात तुम्हीपण ऐकला असणार. "अहो, पण उद्या तुमच्याच मेंदूचं ऑपरेशन असेल तर तुम्ही आरक्षणवाल्या डॉक्टरकडं जाल का?" सवाल विचारून ते असं हसतात, जणू बुद्धिबळात राजा मारला.

जाईन. हजार वेळा जाईन. कारण आरक्षण दारात असतं, टेबलावर नसतं. एमसीएचची शेवटची परीक्षा सगळ्यांना एक. नापास झाला तो नापास. हात तयार होतो तो जन्मानं नाही, रात्रपाळीनं. शंभर वेळा कवटीला भोक पाडलं की एकशेएकाव्या वेळी हात थरथरत नाही. शिक्षण म्हणजे एवढंच असतं. टेबल, वेळ, आणि बाजूला उभा राहून शिकवणारा माणूस. आम्हाला नाकारतात ते हेच तीन.

आणि उलटा सवाल मी विचारतो. तुमच्या डॉक्टरांचे हात कुणाच्या डोक्यांवर तयार झाले? १९४९ सालच्या मुंबई शरीरशास्त्र अधिनियमाप्रमाणं बेवारस प्रेतं मेडिकल कॉलेजात जातात. बेवारस कोण असतो? फुटपाथवर मेलेला. गावाहून कामाला आलेला, ज्याचं प्रेत न्यायला घरच्यांकडं भाडं नाही तो. सरकारी दवाखान्याच्या जनरल वॉर्डात ज्याच्यावर शिकाऊ डॉक्टर पहिलं ऑपरेशन करतो तो कोण? आमचाच चुलता, आमचीच मावशी. या देशातल्या प्रत्येक नामवंत सर्जनच्या बोटांत आमच्या माणसांची डोकी मुरलेली आहेत. तो मग सरकारी नोकरी सोडतो, काचेच्या हॉस्पिटलात जातो, आणि तिथं आमच्याच माणसाला आधी डिपॉझिट भरायला सांगतो. अभ्यासाला आमचं डोकं, बिलाला पण आमचंच.

इतिहास पण बघून घ्या. १८३६ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्तांनी प्रेत फाडलं. वरच्या जातीच्या हिंदूनं प्रेताला सुरी लावली म्हणून केवढा गाजावाजा. ठीक आहे, धाडस होतं, मान्य. पण त्याच वेळी महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात महार मेलेलं ढोर ओढत होता, सोलत होता. कुठला सांधा कुठं सुटतो, कुठली शीर कुठून जाते, त्याला ठाऊक होतं. गावातली बाळंतपणं मांगाची सुईण करत होती. नाळ तिनंच कापायची, आणि बाळ हातात दिल्यावर घर शिंपडून घ्यायचं. एकानं एकदा सुरी धरली तर क्रांती, आम्ही हजार वर्षं धरली तर विटाळ. ज्ञान हातात होतं. त्याला शाळा मिळाली नाही, प्रमाणपत्र मिळालं नाही, मान मिळाला नाही.

शिकवलं तर काय होतं याचा दाखला लांब शोधायला नको. नगरलाच मिस फॅरार यांच्याकडं सावित्रीबाईंनी मास्तरकीचं शिक्षण घेतलं. ज्या बाईला अक्षर बघायची बंदी होती तिनं देशाला शाळा दिली. दुसरा दाखला जामखेडचा. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं आले. त्यांनी गावोगावच्या बाया निवडल्या. कित्येक निरक्षर, कित्येक आपल्या समाजातल्या. त्यांना बाळंतपण, लसीकरण, जुलाबाचं पाणी, क्षयाची ओळख शिकवली. दर आठवड्याला शिकवायचं, विचारायचं, पुन्हा शिकवायचं. त्या बायांनी बालमृत्यू खाली आणले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे डॉक्टर जामखेडला शिकायला आले. जिच्या सावलीचा विटाळ व्हायचा तिच्याकडं गाव पोरगं दाखवायला आलं. म्हणजे डोकं होतंच. शिकवणारा आल्यावर ते दिसलं.

आता कुणी म्हणेल, जागा मिळाल्या की झालं. नाही झालं. २२ मे २०१९ ला मुंबईच्या नायर हॉस्पिटलात डॉ. पायल तडवी या आदिवासी पोरीनं जीव दिला. ती स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. तीन वरिष्ठ डॉक्टरणींवर जातीवरून छळाचा खटला भरला गेला. त्यातला एक आरोप लक्षात ठेवा. तिला बाळंतपणं करू देत नव्हते, काम शिकू देत नव्हते. खटल्याचा निकाल कोर्ट देईल. पण मेडिकल कॉलेजात शिकलेल्या आपल्या कुठल्याही पोराला विचारा. टेबलाजवळ कोण उभा राहतो आणि कागद घेऊन लॅबमध्ये कोण पळतो, हे नोटीस बोर्डावर लिहावं लागत नाही. म्हणून जागा पाहिजे आणि टेबलपण पाहिजे. प्रत्येक शिकाऊ डॉक्टरनं किती ऑपरेशनं स्वतःच्या हातानं केली त्याची वही उघडी टांगली पाहिजे.

आता मुद्द्याचं. ६ मे २०२५ ला अख्खं मंत्रिमंडळ चौंडीला आलं. अहिल्यादेवींच्या जन्मगावी, त्यांच्या तीनशेव्या जयंतीच्या वर्षात. तिथं नगर जिल्ह्यासाठी १०० विद्यार्थ्यांचं सरकारी मेडिकल कॉलेज आणि ४३० खाटांचं रुग्णालय मंजूर केलं. नाव अहिल्यादेवींचं. नावाला आपला विरोध असायचं कारणच नाही. नावासाठी रक्त सांडलेली माणसं आहोत आपण. १९७८ ते १९९४, मराठवाडा विद्यापीठाच्या फाटकावर बाबासाहेबांचं नाव लागायला सोळा वर्षं लागली, घरं जळली, माणसं गेली. म्हणूनच आपल्याला ठाऊक आहे की नाव देऊन जागा न देणं ही या सरकारांची जुनी खोड आहे. योजनेला जोतिबांचं नाव. महात्मा फुले जन आरोग्य योजना. त्यात मेंदूच्या ऑपरेशनचे पैसे आहेत. चांगलं आहे. पण सरकारचा पैसा खाजगी हॉस्पिटलच्या खात्यावर जातो आणि सरकारी पोराचा हात रिकामाच राहतो. जोतिबांनी शाळा काढली होती. बिलं चुकती केली नव्हती.

आणि असलेलं सांभाळायची सरकारची तऱ्हा नगरनं बघितलीय. ६ नोव्हेंबर २०२१ ला जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी कोरोनाचे ११ रुग्ण गेले. म्हणून नुसत्या कोनशिलेवर आपण टाळ्या वाजवायच्या नाहीत. मागायचं ते मोजून मागायचं.

पहिलं. नव्या कॉलेजात न्यूरोसर्जरीचा विभाग पहिल्या दिवसापासून कागदावर घ्या. रात्रंदिवस चालणारा सीटी स्कॅन, व्हेंटिलेटरचा अतिदक्षता विभाग, रक्तपेढी, भूलतज्ज्ञ, ऑपरेशनचा मायक्रोस्कोप, हाड कापायचं ड्रिल. यंत्राबरोबर ते चालवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस, कायम नोकरीवर. यंत्र उद्घाटनाच्या फोटोपुरतं नको.

दुसरं. सगळं न्यूरोसर्जन येईपर्यंत थांबायचं कारण नाही. ऑस्ट्रेलियात शहरापासून लांबच्या साध्या सर्जनला कवटीला भोक पाडून साकळलेलं रक्त काढायला शिकवतात, फोनवर मोठा डॉक्टर असतो. नगरच्या तालुक्या-तालुक्यातल्या सरकारी सर्जनला हे शिकवा. बापाचा काळा गोळा जामखेडमध्येच निघाला पाहिजे.

तिसरं. एमसीएचच्या जागा काढा आणि सुपर-स्पेशालिटीवरची ती पाटी उतरवा. कोर्टानं लावलेली पाटी संसद उतरवू शकते. आजवर या संसदेनं गरज वाटली तेव्हा घटना शंभराहून जास्त वेळा बदललीय. तामिळनाडूनं २०२० साली सुपर-स्पेशालिटीच्या निम्म्या जागा सरकारी सेवेतल्या डॉक्टरांना ठेवल्या. २०२२ साली सुप्रीम कोर्टानं त्या वर्षीच्या प्रवेशाला वाट करून दिली. म्हणजे इच्छा असली की वाट निघते. खेड्यात राबणाऱ्या डॉक्टरला जागा, आणि त्या जागांत आमचा घटनेचा हिस्सा.

चौथं. अभिमत विद्यापीठांना आरक्षण लावणारा कायदा करा. घटनेत अधिकार २००६ पासून पडून आहे.

पाचवं. पी.एम. रूममधलं काम डॉक्टरनं स्वतःच्या हातानं करायचं. सफाई कामगाराच्या हातात करवत द्यायचीच असेल तर त्याला शिकवा, हुद्दा द्या, पगार द्या, हातमोजे द्या.

मुंबई-पुण्यातल्या पोरांनो, वडाळा, चेंबूर, येरवडा, ताडीवाला रोडच्या वस्त्यांतल्या भावांनो आणि बहिणींनो, हा नगरचा खेडवळ प्रश्न आहे म्हणून पान उलटू नका. तुमच्यापासून केईएम आणि ससून बसनं तिकिटाच्या अंतरावर आहे. तिथल्या जनरल वॉर्डात तुमचा बाप झोपलेला असतो आणि ऑपरेशन थिएटरच्या आत तुमचा भाऊ नसतो. बाहेर स्ट्रेचर ढकलणारा मात्र हमखास तुमचा असतो. सोनई, खर्डा, जवखेडे ही नावं घेऊन आपण मोर्चे काढले. काढलेच पाहिजेत. पण आपलं डोकं फुटल्यावर रस्त्यावर येणारी चळवळ पुरत नाही. फुटलेलं डोकं शिवणारा हातपण आपलाच पाहिजे.

वस्तीत बारावी सायन्सला असलेलं एकेक पोर शोधा. त्याला म्हणा, डॉक्टर हो, आणि एमबीबीएसवर थांबू नकोस. शिडीच्या टोकापर्यंत चढ. टोकावरच्या पाटीचं काय करायचं ते आम्ही खालून बघतो.

छिन्नी-हातोडी आम्ही पुष्कळ चालवली. आता सुरी पाहिजे. मेलेल्यांची डोकी पुष्कळ उघडली. आता जिवंत माणूस वाचवायचाय.

जय भीम!